मिशीवरचं मेण

धोंडू हवालदार सुईत रेशीम ओवण्याआधी ते आपल्या मिशीवरून ओढून घेत. एकदा डाव्या मिशीवरून, एकदा उजव्या. मग दोरा दोन बोटांत ताणून उजेडाकडे धरत आणि त्याला हुकूम देत, "हुशार!" हे मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या महाडच्या दुकानाच्या पायरीवर, आणि मला हसू फुटलं. हसणं ऐकून त्यांनी मान वर केली. त्या मिशीमागचा माणूस हसण्याजोगा नव्हता हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली. पण माझ्या लक्षात सगळंच उशिरा येतं, तेव्हा त्या दिवसाला वेगळा मान द्यायचं कारण नाही.

दुकान माझ्या मामांचं. सुया, गुंड्या, फिती, बांगड्या आणि कशिद्याचं रेशीम. माल मुंबईहून गलबतातून दासगावला उतरायचा आणि तिथून तो आणायचं काम माझ्याकडे असायचं, कारण दुकानात बसवलं तर मी गिऱ्हाइकांशी गप्पा मारत माल फुकट देतो असं मामांचं मत होतं. त्या खेपेला दासगावच्या धक्क्यावर खलाशांना रुबाब दाखवायला मी रेशमाची पेटी स्वतःच डोक्यावर घेतली, फळीवरून दोन पावलं ऐटीत टाकली आणि पेटीसकट सावित्री नदीच्या चिखलात जाऊन बसलो. लडी धुतल्या, मामा जेवून निजले की कौलांवर वाळत घातल्या, पिळून पिळून गुंडाळल्या आणि दुकानात लावल्या. त्यातलीच एक हिरवी लड पोलादपूरकडच्या एका हवालदारांनी नेली होती. तेच आता पायरीवर बसले होते.

"शेट," ते म्हणाले, "ह्ये रेशीम हाय का केरसुणी?"

आणि ती लड त्यांनी माझ्यासमोर धरली. खरोखरच तिच्या टोकाला केरसुणीसारखे तुसे फुटले होते.

"सुई कापडात दोनदा घातली का अंग सोडतंय. मी त्याला मिशीचं मेण लावलं, तरी ऐकत नाय. ह्याला काय झालंय, सांग."

मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की विलायतेत यंदा किडे नीट झाले नाहीत.

हवालदारांनी लड नाकाशी नेली. "विलायतेच्या किड्याला दासगावच्या चिखलाचा वास येतो व्हय रे?"

मामा आत होते. त्यांच्या कानावर हे गेलं असतं तर माझी रवानगी गावी झाली असती. हवालदारांनी आतल्या बाजूला एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि लड खिशात टाकली. "ऱ्हाऊ दे. फुलांच्या देठाला चालंल," एवढंच म्हणाले. तिथून आमचं सूत जमलं.

हवालदार आंबेनळी घाटाच्या वाटेवरच्या एका वाडीचे. जर्मनच्या लढाईत बसऱ्याकडे गेले होते. परत आले तेव्हा उजवा गुडघा वाकत नव्हता. गोळी काढायला मुंबईच्या फौजी इस्पितळात त्यांना खूप दिवस ठेवलं होतं, आणि तिथे एक मडम येऊन खाटेवरच्या जवानांना कशिदा शिकवायची. हात रिकामे राहिले की डोकं नको तिकडे जातं, असं तिचं म्हणणं. "आमी पैल्यांदा लाजलाव," हवालदार सांगत. "मंग शेजारच्या खाटंवरचा जमादार, मानूस मारायला न भिणारा, तो चमेलीचं फूल काढाया लागला. मंग मी बी काढलं." घरी आले तोवर मानमोडीच्या तापाची साथ त्यांच्या घरावरून गेली होती. बायको नाही, पोरगी नाही. दाराला बाहेरून कडी सुद्धा कुणा शेजाऱ्याने लावलेली होती.

मग त्या घरात त्यांनी कशिदा मांडला. बाळाच्या कुंच्या, नवरदेवाच्या टोप्या, देवीच्या पालखीचा पडदा. भरघोस मिशांचा, लष्करी कोट घातलेला गडी पडवीत बसून कुंचीवर वेलबुट्टी काढतोय म्हटल्यावर वाडीने काय सोडलं असतं? पाण्याला जाणाऱ्या बाया मुद्दाम त्यांच्या दारावरून जात. "हवालदारीणबाय, डोळं दुखत्याल गो!" हवालदार सुईवरून नजर न काढता उत्तर देत, "तुज्या पोराची कुंची हाय, सखू. डोळं दुखले तर मोराला एकच डोळा काढीन." पुढे पुढे बाया थट्टा करायच्या त्या कुंची लौकर मिळावी म्हणून.

तयार माल आमच्या दुकानात विकला जाई. त्यामुळे रेशीम पोचवायला आणि कुंच्या आणायला पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर मला वाडीवर जावं लागे. पडवीत त्यांच्यासमोर बसून मी त्यांचं बोलणं ऐकायचो. त्यांना दोरा म्हणजे शिपाई वाटायचा.

"लांब दोरा घेऊ नगंस. कोपराएवढा पुरे. लांब घेतलास का शेवटल्या टाक्यापत्तोर तो किती येळा कापडातनं घासत जातो, बग. लांबच्या वाटंवर शिपायाचं बूट फाटत्यात, तसं हाय."

"सुईचं नेढं बारीक नगं. त्यात कोंबलास का तिथंच त्याची मान तुटते. आन् मधनं मधनं सुई दोऱ्यावर जरा सरकवायची. एकाच जागी कुणाला उबं करू नये, शेट. पहाऱ्यावर सुदीक बदली देतात."

"पीळ चढला तर वढू नगं. कापड उलटं धर, सुई सोडून दे. लोंबू दे. गरगर फिरंल आन् आपला आपण सरळ व्हईल. वढलास का पिंजला."

आणि शेवटी मेण. डोंगरातल्या पोळ्याचं मेण ते मिशीला लावत, आणि मिशीचं मेण दोऱ्याला. थेट मेणाच्या गोळीवरून दोरा ओढला तर त्यावर जाड थर बसतो, कापडाला डाग पडतो. मिशीवरून ओढला की लागेल तेवढंच लागतं, असा त्यांचा अनुभव.

हे सगळं ऐकून मला वाटलं, आपल्यालाही येईल. माझं लग्न ठरलं होतं. होणाऱ्या बायकोला स्वतःच्या हाताने काढलेला रुमाल द्यावा आणि तिला थक्क करावं असा माझा बेत. माझी मिशी म्हणजे पुसटशी शंका होती, तिच्यावर मेण ठरेना. म्हणून मी डोकं लढवलं आणि दोऱ्याला खोबरेल लावलं. दोरा पिंजला नाही हे खरं. पण गुलाब होता तिथे एक मोठा तेलकट ढग उमटला. लग्नानंतर बायकोने तो रुमाल फार जपून वापरला, चुलीवरची पातेली उतरवायला.

एका वर्षी पाऊस उघडल्यावर मी वाडीवर गेलो, तेव्हा पडवीत एक म्हातारी बसली होती. काटकुळी, पाठीत वाकलेली. ही भागाकाकी. वाडीच्या वरच्या अंगाला तिचं घर, आणि तिचा एकुलता एक मुलगा तुकाराम हवालदारांच्याच पलटणीत होता. तो परत आला नव्हता.

"झाली का गो काकी भात झोडणी?" हवालदारांनी विचारलं.

"झोडतंय कोण? आता हाडंच ऱ्हायलीत झोडायची," असं म्हणत तिने कमरेची पुरचुंडी सोडली. आत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला एक पांढरा रुमाल होता. रुमालावर एक हिरवा राघू, पण अर्धाच. एक पंख, पाठ, शेपटी. चोच नाही, डोळा नाही. जिथे काम थांबलं होतं तिथून रेशमाचा एक दोरा लोंबत होता आणि त्याच्या टोकाला सुई.

पावसाळ्यात त्या डोंगरात घराच्या आतही ढग येऊन बसतात. सुई गंजली होती, दोऱ्याचा शेंडा फुटून कापसासारखा झाला होता. हवालदारांनी गंजकी सुई काढली. फुटलेला शेंडा कातरीने अगदी तांदळाएवढा कापला. दोरा मिशीवरून ओढला, एरवीपेक्षा पुष्कळ सावकाश. नव्या सुईत ओवला, सुईभोवती गुंडाळला आणि रुमाल घडी करून म्हातारीच्या हातात दिला. टाका मात्र एकही घातला नाही.

मी बावळटासारखा पुढे वाकलो. दोन वर्षं कुंच्या विकून मला थोडंबहुत कळायला लागलं होतं, आणि कळतं ते बोलून दाखवल्याशिवाय मला चैन पडत नाही. "वा!" मी म्हटलं, "पिसांवरचा हा तिरका टाका म्हणजे अगदी हवाल..."

पुढचा शब्द तोंडातच राहिला, कारण हवालदारांच्या काठीचं टोक माझ्या पायाच्या अंगठ्यावर येऊन बसलं होतं, आणि त्यावर हवालदारांचं सगळं वजन होतं.

भागाकाकीने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "एकाच मडमंकडं शिकले दोगं बी. टाका सारकाच असायचा. तुज्या दुकानात सगळ्या सुया सारक्याच नस्त्यात का रे?"

"असतात," मी अंगठा दाबून धरत म्हटलं.

"राघू माज्या तुक्यानं काढलाय. अर्धा ऱ्हायलाय. येईल तवा पुरा करंल." आणि पुरचुंडी कमरेला खोचून ती उठली. जाताना हवालदारांना म्हणाली, "येते रे धोंड्या. पुढल्या सालाला येते."

परत निघालो तेव्हा हवालदार वाटेच्या वळणापर्यंत पोचवायला आले. असं कधी येत नसत. वळणावरच्या दगडावर ताठ पाय पुढे करून बसले.

"अंगठा दुकतोय?"

"नाही," मी म्हटलं. दुखत होता.

"तो राघू माजा हाय. इस्पितळात मीच काढाया घेतला व्हता. तुक्या कुटचा? त्यानं इस्पितळ बघितलंच नाय. बसऱ्याच्या पुढं ताप आला, उलट्या झाल्या, दुपारपत्तोर आटपला. जाळायला लाकूड नव्हतं. वाळू उकरली आन् ठेवला. वर दगड बी नव्हता ठेवाया."

मी कुंच्यांचं गाठोडं खाली ठेवलं.

"सांगायला म्हणून तिच्या दारात गेलाव. तिनं आधी पायावर पाणी घातलं. मंग गूळपाणी दिलं. मंग समोर बसली आन् तोंडाकडं बघाया लागली. मला बोलता येईना. माज्या पिशवीत तो रुमाल व्हता. काढला आन् बोललाव, तुक्यानं धाडलाय, इस्पितळात हाय, पुरा कराया येतो म्हणाला. झालं. एकदा तोंडातनं गेलं ते गेलं."

"पण सरकारी कागद आला असेल ना?"

"आला की. समदी वाडी तिला सांगाया लागली. ती बोलली, कागद सायबाचा हाय, टाका माज्या पोराचा हाय. तवापास्नं वाडीत कुणी तुक्याचं नाव काढत नाय. दिवस नाय, पाणी नाय, काय नाय." ते थांबले. मग जे बोलले ते मला आजही त्यांच्या आवाजात ऐकू येतं. "शेट, दर साल शेंडा पिंजतो आन् मी कापतो. दोरा कमी व्हत चाललाय. म्हातारीच्या आदी दोरा संपला तर मी तिला काय सांगू?"

मी लगेच तोडगा काढला. आमच्या दुकानात हिरव्या रेशमाच्या एवढ्या लडी असताना काळजी कसली? नवा दोरा जोडावा.

"तुज्या लडीचा रंग पैल्या पावसात दुसरा व्हतो. म्हातारी वळखंल." मग म्हणाले, "आन् नवा दोरा म्हंजे नवं खोटं. जुनं एकच निभावता निभावत नाय."

त्यानंतर मला त्या दोऱ्याचा ध्यास लागला. महाडात कुठलं मेण चांगलं म्हणून मी विचारत फिरायचो. एकदा मोठ्या कौतुकाने विलायती मेणबत्ती घेऊन गेलो. हवालदारांनी आधी एका टाकाऊ दोऱ्याला ती लावून पाहिली. दोरा काडीसारखा ताठ झाला आणि वाकवताच त्यावरून पांढरी भुकटी गळली. "बरं झालं, तुला पलटणीत घेतला नाय," ते म्हणाले, "दोगं बी मेलो असतो." ते हसले, पण मेणबत्ती परत दिली नाही. माझ्यापासून राघूला धोका नको म्हणून असेल.

भागाकाकी दर वर्षी येत राहिली. दोरा वीतभर होता तो बोटभर झाला. हवालदार शेंडा कापताना आता श्वास धरून बसत. कापलेला तेवढासा हिरवा भुगा ते तळहातावर घेत आणि पडवीखाली न टाकता कोटाच्या खिशात ठेवत. म्हातारी ते सगळं पाहत बसायची. तिची नजर सुईवर नसायची, त्यांच्या तोंडावर असायची. मला वाटायचं तिला दिसत नाही म्हणून तसं बघते.

ज्या वर्षी हे सगळं संपलं, त्या वर्षी पाऊस हटायलाच तयार नव्हता. वाट जागोजागी ढासळली होती. मी पोलादपूरहून चिखल तुडवत, दोनदा आपटून, वाडीवर पोचलो तर हवालदारांच्या दाराला कडी. शेजारणीने सांगितलं, "काकीकडं हाईत. काकीचं काय खरं नाय."

भागाकाकी घोंगडीवर पडली होती. तापाने तोंड लहान झालं होतं. उशाशी हवालदार, ताठ पाय लांब करून. मांडीवर रुमाल. म्हातारी या वर्षी उतरू शकली नव्हती म्हणून ते स्वतःच वर आले होते. नवी सुई, मेण लावलेला दोरा, सगळं तयार. पण शेंडा कापल्यावर दोरा एवढाच उरला होता की नेढ्यातून ओवला तर पलीकडे धरायला काही राहीना. ते ओवत होते आणि तो निसटत होता. पुन्हा मिशीवरून ओढत होते. पुन्हा निसटत होता. त्यांच्या कपाळाला घाम आला होता. मी दारातच उभा राहिलो.

"धोंड्या," म्हातारी म्हणाली. आवाज बारीक, पण स्वच्छ. "ठेव तो खाली."

"झालंच, काकी. जरा दम धर."

"माजा तुक्या डावरा व्हता, रं."

हवालदारांचा हात थांबला.

"पलटणीत त्याला उजवा केला व्हता, काकी," ते सावकाश म्हणाले. "डाव्या हातानं बंदूक चालत नाय तिथं."

"बंदूक धरली असंल उजव्या हातानं. तुज्या देखत जेवला बी असंल. पन सुई? लहानपणी माज्या शेजारी बसून गोधडीला टाकं घालायचा. माजं टाकं इकडं झुकायचं, त्याचं तिकडं. मी चिडायची." ती थांबली, दम घेतला. "तू राघू दाकवलास तवाच मला कळलं तुक्या गेला. त्याचा असता तर पिसं दुसऱ्या अंगाला कलली असती."

"मंग बोलली का नायस?" हवालदार म्हणाले. हा प्रश्न नव्हता. त्यात राग होता, आणि तो राग एखाद्या लहान पोरासारखा होता.

"तुज्या घरात तवा कोन व्हतं? बायको गेली, पोर गेली, पाय गेला. दारात उबा व्हतास तो वाऱ्यानं पडशील असा. मी तवा रडले असते तर तू कुटं गेला असतास?" मग जरा वेळाने, "दर साल आले का तू माजी वाट बगत बसलेला असायचास. तेवडंच. आन् तुक्याचं म्हनशील तर दर सर्वपित्रीला मागल्या दारी त्याचा घास ठेवतेय. कावळा येतो. कुणाला दिसत नाय."

हवालदारांनी रुमाल तोंडाशी धरला. मी दारातून मागे झालो. पागोळीखाली भिजत उभा राहिलो आणि आत जायची मला लाज वाटली. इतकी वर्षं मी एकालाच सांभाळणारा समजत होतो. माझं गणित नेहमीप्रमाणे अर्धंच होतं.

दुसऱ्या दिवशी म्हातारी गेली. वाट बंद असल्यामुळे मी तिथेच होतो. पाऊस जरा थांबला तेव्हा भाऊबंद जमले आणि अग्नी कुणी द्यायचा यावर कुजबूज सुरू झाली. एक पुतण्या पुढे आला, पण तोही कचरत होता. म्हातारीने जन्मभर सांगितलं होतं की तुक्या येणार आहे. तिच्यामागे तिचा शब्द कसा मोडायचा, असं त्या लोकांना वाटत होतं. तेव्हा हवालदार काठी टेकत मधे आले.

"तुक्या यायचा नाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी त्याला माज्या हातानं वाळूत ठेवलाय. त्याला आग मिळाली नाय. हिला मी देतो. कुणाचं काय म्हणणं हाय?"

कुणाचं काही म्हणणं नव्हतं. ओली लाकडं पेट घेता घेत नव्हती. हवालदार ताठ पायाने गुडघ्यावर बसू शकत नव्हते, तरी बसायला गेले आणि पडले. त्यांना दोघांनी धरून उभं केलं.

त्यानंतर दिवाळी उलटली आणि एक दिवस दुकानाच्या पायरीवर एक म्हातारा येऊन उभा राहिला. चेहरा लहान, पांढुरका, वरचा ओठ उघडा. मी हिशेबात गुंतल्याचं सोंग करत विचारलं, "काय हवंय बाबा?"

"शेट," तो म्हणाला, "आज हसला नायस."

आवाज ओळखून मी ताडकन उठलो. मिशी गेल्यावर तो चेहरा माझ्या ओळखीचा राहिला नव्हता. "हवालदार, हे काय?"

"दहाव्याला उतरवली. आई गेली का उतरवत्यात तशी." आणि त्यांनी कोटाच्या खिशातून आमच्या उरलेल्या लडी काढून फळीवर ठेवल्या. "ह्या परत घे. मी कशिदा सोडला."

मामांनीही आतून येऊन त्यांना बसायला सांगितलं, जे मामा कुणाला सांगत नसत. मला काय करावं सुचेना, म्हणून मी तेच केलं जे दुकानदाराला येतं. गल्ल्यामागच्या डबीतला शुद्ध मेणाचा तुकडा काढून त्यांच्यापुढे धरला. पोळ्याचाच होता, या वेळी मी नीट पारखून घेतला होता. "हा असू द्या. मिशी वाढेल पुन्हा."

त्यांनी तो हातात घेऊन हुंगला आणि परत माझ्या हातात ठेवला. "नाय वाढवायची. एकच काम ऱ्हायलंय. त्याला मेण चालायचं नाय."

कोणतं काम ते मी विचारलं नाही. ते पायरी उतरले. उतरताना एरवी उजव्या हातात असणारी काठी डाव्या हातात होती आणि ते जरा अडखळत होते. मला वाटलं, पाय दुखत असेल.

पुढच्या श्रावणात तापाने हवालदार गेले. मला कळलं ते पाऊस उघडल्यावर, वाडीवर गेलो तेव्हा. म्हातारीच्या पुतण्याने त्यांचंही सगळं केलं होतं. त्यानेच घरातून तो रुमाल आणून माझ्या हातात दिला. "तुमच्या दुकानातलं काय हाय वाटतं. आमी काय करायचं ह्याचं?"

मी तो उघडला वळणावरच्या दगडावर बसून. जुना राघू नव्हता. हवालदारांनी तो टाका टाका करून उसवला होता आणि तेच रेशीम, इतक्या वर्षांचं, झिजलेलं, पुन्हा वापरून नवा, आकाराने लहान राघू काढला होता. या वेळी पुरा. चोच होती, डोळा होता. पण कसला राघू! एक पंख मोठा, एक लहान. टाके कुठे लांब, कुठे एकमेकांवर चढलेले. मेणाशिवाय दोरा जागोजागी पिंजला होता, त्यामुळे राघूच्या अंगावर बारीक हिरवी लव उभी राहिली होती. आणि सगळी पिसं दुसऱ्या अंगाला कललेली. शेवटची गाठ मारून दोरा कापलेला होता. सुई कुठेच नव्हती.

घरी आल्यावर रुमाल मी फळीवर ठेवला. बायकोला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. माझ्या कशिद्याचा इतिहास ठाऊक असल्यामुळे तिने तो संशयाने उचलला, खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहिला.

"हा तुमचा नव्हे," ती म्हणाली. "कुणा डावऱ्याने काढलेला दिसतोय. आणि पहिल्यांदाच सुई हातात घेतली असावी बिचाऱ्याने. दोरा बघा कसा पिंजलाय सगळा. आणा ते मेण, जरा बसवते."

हवालदारांसाठी वाडीवर नेलेलं मेण माझ्या खिशातच होतं. मी हात खिशात घातला आणि तसाच राहू दिला.

"असू दे तसंच," मी म्हटलं.

"पण काढलाय कुणी? आणलात तर तुम्ही."

"तुकाराम म्हणून आहे एक," मी म्हटलं. "पोलादपूरकडचा."